थोरलीचं वाचन

थोरली म्हणजे माझी जाऊ नव्हे, ह्यांची क्रूझर, तोफांची लढाऊ बोट. लग्न झाल्यापासून तिचं इतकं कौतुक ऐकलंय, की त्यापेक्षा सख्खी जाऊ परवडली असती.

युद्धात तिच्यावर असलेले लोक दरवर्षी बंदराजवळच्या एका खानावळीत जमतात. जेवणं झाली की वायरलेसवाले काका थोरलीची हकिगत वाचतात. कुठून निघाली, कुठल्या मालवाहू बोटींना सोबत केली, कुठं तोफा डागल्या. एकेक लढाई वाचून झाली की त्या लढाईत असलेल्यांनी उठून उभं राहायचं. कुणीतरी उठल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही, आणि तिथं नसलेल्यानं उठायचं नाही, हा त्यांचा नियम. देवाची पोथीसुद्धा कुणी इतक्या सोवळ्यात वाचत नसेल.

हे सगळ्या लढायांना उठतात, फक्त सामुद्रधुनीतली सोडून. तीच सगळ्यांत मोठी. आणि नेमकं तेव्हाच आमच्या शूरवीरांना गालगुंड झालेलं! किनाऱ्यावरच्या दवाखान्यात गाल फुगवून पडले होते. मित्र अजून ह्यांना गालगुंड्या म्हणतात, हेही हसतात. पण खालच्या कोठारातून तोफगोळे वर चढवायच्या ह्यांच्या जागेवर त्या दिवशी जहाजावरचा शिंपी उभा राहिला. कोठाराला आग लागली आणि तो वर आलाच नाही.

त्या शिंप्याची बहीण दरवर्षी येते. पुढच्या टेबलाशी बसते, निमूट जेवते, भावाच्या लढाईचं ऐकते आणि जाते. ती तिथं असेपर्यंत हे ताटातून नजर काढत नाहीत.

"अहो, एकदा बोला तरी. खाणार आहे का ती तुम्हाला?" असं मी किती वेळा म्हटलं.

"काय बोलू? मी जिवंत आहे, असं सांगू?" हे म्हणायचे.

त्या लढाईतला शेवटचा तोफवाला यंदा गेला. वायरलेसवाले काका आणि बाकीचे थोरलीवर आले ते त्या लढाईनंतर. म्हणजे आता उठायला कुणीच नाही. ह्यांना घास गोड लागेना.

"वाचन तिथंच थांबणार," म्हणाले. "पुढची दोन वर्षं ती लढली, ते आता कुणी ऐकायचंच नाही."

"मग उठा की तुम्ही!"

"त्याच्या बहिणीसमोर? खोटं?"

वाचनाचा दिवस उजाडला. काकांनी सामुद्रधुनीची लढाई वाचली, मेलेल्यांची नावं वाचली, त्यात शिंप्याचंही आलं. मग ते थांबले. वाढपी हातात ताटं घेऊन तसाच उभा राहिला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी टेबलाखालून ह्यांच्या पायावर पाय दिला. हे ढिम्म!

तेव्हा ती बहीण खुर्ची फिरवून वळली.

"उठा ना, भाऊ," ती म्हणाली.

"ताई, मी नव्हतो तिथं." ताटाकडेच बघत हे म्हणाले.

"माहीत आहे मला. दरवर्षी जे जिवंत परत आले तेच उठायचे. माझ्या भावासाठी कधी कुणी उठलं नाही. मला वाटायचं, निदान तुम्ही उठाल. दरवर्षी मी तुमच्याकडे बघायचे, आणि तुम्ही आपले ताटात बघत बसायचात."

बाई गं, इतकी वर्षं! एक शब्द कुणी बोललं असतं तर?

हे टेबलाला धरून उठले. मी हात दिला नाही. तिच्याकडे सरळ बघत हे उभे राहिले, आणि सगळ्यांसमोर लहान मुलासारखे रडले. तीही उठून उभी राहिली. काका पुढचं वाचू लागले, तरी दोघांपैकी कुणीच खाली बसलं नाही.