सुभेदाराची पाणीपरीक्षा

केनवडचे पोलीस पाटील बबनराव यांनी त्या वैशाखात उन्हाळ्याचा बंदोबस्त अगदी चोख ठेवला होता. माजघराच्या दाराला वाळ्याचा ओला पडदा, अंगात पातळ मलमलीची बंडी आणि घटकाघटकाला कैरीचे पन्हे! बैलांना दुपारी कडुलिंबाखालीच बांधायचे, असा त्यांचा हुकूम होता. फार काय, दह्याच्या मडक्यालाही त्यांनी ओले फडके गुंडाळायला लावले होते.

वाचकहो, एवढ्या जाणत्या माणसाच्या घरी उन्हाचा त्रास कुणाला होणार, असे तुम्ही म्हणाल. पण झाला. सुभेदाराला झाला.

सुभेदार हा पाटलांचा कुत्रा. चांगला वासराएवढा, दाट केसांचा, दिसायला भयंकर आणि स्वभावाने गरीब. गेल्या दिवाळीत थंडी कडाक्याची पडली, तेव्हा पाटलांनी रिसोडच्या शिंप्याकडून त्याच्यासाठी झूल शिवून आणली. पोळ्याला बैलाच्या अंगावर घालतात तशीच, लाल बनातीची, म्हणजे जाड लोकरी कापडाची, आत कापसाचा थर, काठाला कवड्या. ती घालून सुभेदार पाटलांबरोबर बाजारात निघाला, तेव्हा दुकानदार वजनमाप सोडून बघायला उठले. पाटलांची छाती फुगली, आणि घात तिथेच झाला! संक्रांत गेली, शिमगा गेला, गुढीपाडवा गेला, पण झूल काही निघाली नाही. पाटलीणबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, दोनदा विषय काढून पाहिला.

"अवो, आता तं काढा ते त्याच्या अंगावरचं. जीव शिजून राह्यला त्याचा."

"पाटलाचा कुत्रा हाये तो," पाटील म्हणायचे. "उघडा फिरला तं लोक काय म्हनतीन?"

कुत्रे तिखट खाऊन तेज होते, अशीही पाटलांची समजूत होती. म्हणून सकाळी भाकरीला लाल मिरचीचा ठेचा चोपडून मिळायचा. बांधायची जागा कुठली? तर ओट्यावरची, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला झूल दिसेल अशी. तिथे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत ऊन. शेजारी लोखंडी घमेल्यात पाणी असे, ते पहाटे एकदा भरले की दुसऱ्या पहाटेपर्यंत कुणी बघायचे नाही.

त्याच घरात मैना नावाची मांजर होती. तिचे आजवर कुणीच कौतुक केले नव्हते, त्यामुळे ती सुखात होती. वैशाख लागताच ती आपली आपण रांजणाखालच्या ओल्या वाळूत जाऊन पडली होती आणि संध्याकाळ झाल्याशिवाय शेपटीसुद्धा बाहेर काढत नव्हती.

त्या दिवशी ऊन माथ्यावर आले असताना पुंजाजी रस्त्याने चालले होते. पुंजाजी म्हणजे गावातले सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ. त्यांना ठाऊक नाही अशी गोष्ट केनवडात नव्हती, आणि खरोखर ठाऊक आहे अशीही फारशी नव्हती. त्यांनी सुभेदाराकडे पाहिले मात्र, आणि जागच्या जागी थबकले. कुत्र्याची जीभ हातभर बाहेर, तोंडातून लाळ गळतेय, डोळे लाल!

"पाटील!" पुंजाजी ओरडले. "तुमचा सुभेदार पिसाळला!"

झाले. हां हां म्हणता ओट्यासमोर गाव जमा झाले. समोरच्या घरातून जानराव आला. हातातले पन्ह्याचे भांडे तसेच घेऊन पाटील बाहेर आले. कोतवाल जगदेव काठी सरसावून सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

"परीक्षा घ्या," पुंजाजींनी आज्ञा केली. "पानी दाखवा. प्यायला तं बरा, भ्यायला तं पिसाळला."

ही केनवडची जुनी पद्धत होती आणि तिच्याबद्दल कुणाच्या मनात कधी शंका आली नव्हती. जगदेवने लांब काठीने ते घमेले सुभेदाराच्या तोंडापुढे सरकवले. तहानेने कासावीस झालेला तो जीव त्यावर तुटून पडला, जीभ घातली, आणि "कॅऽऽय" करून हातभर उंच उडाला! गळ्यातला पट्टा तुटला. सुभेदार लोकांच्या पायांतून वाट काढत अंगणातल्या गोठ्यात शिरला आणि गव्हाणीखाली दडून बसला. लोकांनी एकमेकांना तुडवत ओटे, पायऱ्या आणि उभी बैलगाडी गाठली. पुंजाजींचे वय सत्तरीच्या पुढे, पण बैलगाडीवर ते सर्वांत आधी चढले होते.

"पाह्यलं? पान्याले भ्यायला!" ते वरून म्हणाले.

पाटलांचा चेहरा पडला. तेव्हा जानराव पुढे झाला. तो आवाज न चढवता बोलला.

"पाटील, गेल्या वैशाखात माह्या चंद्री कुत्रीची हेच परीक्षा घेतली होती. ते बी अशीच उडाली. अन् तुमी तुमच्या हातानं गोळी घातली. तवा तुमीच म्हनले होते, गावाच्या जिवाले धोका नोको. आता कायदा सगळ्याइले सारखा पाह्यजे."

बबनराव अहंकारी होते, पण अन्यायी नव्हते. सुभेदाराला त्यांनी पिल्लू असताना खिशातून घरी आणले होते.

"जगदेव," ते म्हणाले, "बंदूक काढ."

ती जुनी ठासणीची बंदूक होती. तिच्यात दारू ठासायची म्हणजे जगदेवला अर्धी दुपार लागायची. तेवढ्यात प्रयागबाई गोठ्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"पयले माह्यावर झाडा," त्या म्हणाल्या, "अन् मंग त्याच्यावर!"

अशी कोंडी झालेली असताना, अंगणाच्या कोपऱ्यात तांड्यावरची नानीबाई लाकडाची मोळी उतरवत होती. नानीबाई बंजारा बाई. पन्नाशीची, हातभर बांगड्या, आणि बोलायला कुणाला न भिणारी. तिच्या तांड्यावर माणसांइतकीच कुत्री होती आणि एकूणएक धडधाकट होती. ती सरळ ओट्यावर गेली आणि घमेल्यात बोट बुडवले.

"अरे देवा!" तिने बोट झटकले. "पाटील, यात पानी हाये का वरनाले आधण ठेवलं?"

लोक हसले. पाटील नाही हसले.

नानीबाई गोठ्याच्या दाराशी गेली, पण आत शिरली नाही. दूर उभी राहून तिने हाक मारली, "सुभेदार! ए सुभेदार!" गव्हाणीखालून शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, तीनदा. तिने त्याचा जबडा पाहिला, मान पाहिली, नजर पाहिली.

"हाकेले शेपूट हालवते. जबडा लोंबत नाई. पाटलिनीच्या पायाकडं सरकून राह्यला. पिसाळला नाई हा, उकडला हाये."

"अन् पान्याले भ्यायला ते?" गाडीवरून पुंजाजींनी विचारले.

"बापा, पिसाळलेलं कुत्रं बी कदी कदी पानी पिते. अन् चांगलं कुत्रं तापलेल्या पान्याले भिते. तुमची परीक्षाच खोटी!"

"सत्तर वर्सं झाले, हेच परीक्षा चालत आली!"

"मंग सत्तर वर्सं चुकून राह्यले," नानीबाई शांतपणे म्हणाली. "तुमाले खोटं वाटत असन तं एक करा. पाटील, घरातली दुलई आना. ते पांघरून सुभेदाराच्या जागेवर बसा. त्याची ठेच्याची भाकर खा. पानी मांगू नोका. मंग हेच घमेलं तुमच्यापुढं ठेवतो. तुमी प्याले तं बंदूक खुशाल चालवा."

"म्या?" पाटील कडाडले. "म्या कुत्र्याच्या जागेवर बसू?"

"तुमी नाई बसले तं मी बसतो," प्रयागबाई गोठ्याच्या दारातून म्हणाल्या.

आता मात्र माघार घेणे शक्य नव्हते. दुलई आली. पाटील ऐटीत ओट्यावर बसले, दुलई पांघरली, भाकर खाल्ली. पुंजाजींनी गाडीवरून उतरून उन्हात काठी रोवली आणि तिची सावली चार बोटे सरकेपर्यंतची मुदत ठरवली.

पहिले बोट सरकले, तेव्हा पाटील मिशीवर हात फिरवत होते. दुसरे बोट सरकले, तेव्हा त्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. ठेच्याने आपले काम सुरू केले. तिसऱ्या बोटाला पाटलांनी तोंड उघडले आणि हाशहुश करू लागले. डोळे लाल झाले.

"सावली पुढं सरकून राह्यली का मांगं?" त्यांनी विचारले. पुंजाजी वाकून बोटे मोजत होते.

चौथे बोट पुरते सरकलेही नव्हते. पाटलांनी दुलईतून दोन्ही हात बाहेर काढले, समोरचे घमेले उचलले आणि तोंडाला लावले. पुढच्याच क्षणी त्यांनी अशी काही बोंब ठोकली की कडुलिंबावरचे कावळे उडाले! घमेले एकीकडे, दुलई एकीकडे. ओठ धरून, तोंडाने फुरफुर करत, समोर येईल त्याला ढकलत केनवडचे पोलीस पाटील धावत सुटले, आणि सावली दिसली तिथे शिरले. ती सावली गोठ्याची होती.

पुंजाजी पुन्हा बैलगाडीवर, आणि या खेपेला आणखी वरच्या फळीवर चढले.

"पाटील बी पान्याले भ्यायले वो!"

जगदेवची बंदूक नेमकी तेव्हाच ठासून झाली होती. तो गोठ्याच्या दाराशी आला. आत गव्हाणीजवळच्या ओल्या मातीत पाटील आणि सुभेदार शेजारी शेजारी पडून, जिभा काढून धापा टाकत होते. बिचारा गोंधळला.

"आता कोनाले मारू जी?" त्याने विचारले.

एवढा हशा पिकला की शेजारच्या गल्लीतले लोकही धावत आले. प्रयागबाईंनी पाटलांना तांब्याभर थंड पाणी दिले. नानीबाईने रांजणातले पाणी मातीच्या पसरट परळात ओतून सुभेदारापुढे ठेवले. सुभेदार प्यायला. परळ रिकामे झाले, पुन्हा भरले, तेही रिकामे झाले. मग नानीबाईने झुलीचे बंद सोडले, आणि लोकांचे हसू मावळले. त्या लाल बनातीखाली केस ओलसर होऊन चिकटले होते, कातडी सोलवटली होती, आणि पाठभर जोंधळ्यासारखे टपोरे गोचीड लागले होते.

पाटलांना ते पाहवेना. "म्या हे शोभेसाठी घातलं होतं," ते पुटपुटले.

"शोभा तुमाले होती पाटील, ताप त्याले होता," नानीबाई गोचीड वेचत म्हणाली. "थंडीत रात्री पांघरून घाला, दिवस उगवला का काढा. उन्हाळ्यात सावली द्या, मातीच्या परळात पानी द्या, दिवसातून दोनदा बदला. ठेचा तुमी खा, त्याले ताकभाकर द्या, बिनमिठाची. पावसाळ्यात कोरडं गोनपाट टाका, अन् कानात, बोटाच्या बेचक्यात गोचीड पाहत जा. करंजाचं तेल लावा. पन मांजरीले लावू नोका, ते अंग चाटते, तेल पोटात जाते. अन् खरंच पिसाळलं जनावर दिसलं, तं त्याच्याजवळ जाऊ नोका. चावलंच, तं जखम साबनानं धुऊन वाशीमचा दवाखाना गाठा, मांत्रिक नोका धुंडू. एवढं केलं का झालं!"

तेवढ्यात गर्दीत कुणीतरी हुंदका दिला. तो जानराव होता.

"म्हंजे माही चंद्री..." त्याने डोळे पुसले. "ते बी तहानेलीच होती का वो, नानीबाई?"

नानीबाईने खाली पाहिले. सगळ्या गावाला उत्तर कळले होते.

बबनराव उठले. अंगाला चिखल, सुजलेले ओठ, डोक्यावर पागोटे नाही. ते तसेच जानरावासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले.

"जानराव, तुह्या चंद्रीले म्या मारलं. ते तुह्या दारात पानी मांगून राह्यली होती, अन् म्या तिले गोळी देल्ली. माह्या घरावर आलं तवा मले समजलं. माफ कर, असं तरी कोन्या तोंडानं म्हनू?"

जानरावाने पाटलांचे जोडलेले हात हळूच खाली केले, आणि घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदेवने गावात दवंडी दिली, "ऐका हो ऐका! पाटलांचा हुकूम हाये! जनावराले पानी दाखवून परीक्षा घेनं बंद! ज्याच्या घरी कुत्रं हाये, मांजर हाये, त्यानं आपल्या दारात सावलीत मातीचं परळ भरून ठेवावं हो!" लोक कुतूहलाने बाहेर आले, आणि त्यांच्या नजरा पाटलांच्या समोरच्या घराकडे गेल्या. जानरावाच्या ओट्यावर, सावलीच्या बाजूला, नवे कोरे परळ काठोकाठ भरून ठेवले होते. त्याच्या घरी आता कुत्रे नव्हते. गल्लीतली दोन मोकाट कुत्री आणि पाटलांची मैना अंगाला अंग लावून तिथे पाणी पीत होती, आणि जानराव उंबऱ्यावर बसून त्यांच्याकडे पाहत होता.

वाचकहो, आपल्या दाराशी बांधलेल्या मुक्या जिवाला थंडी, ऊन, पाऊस आपल्यासारखेच लागतात. फरक एवढाच, की आपण पन्हे मागू शकतो, त्याला मागता येत नाही. त्याचे दुखणे ओळखायचे असेल तर आपली ऐट आणि जुन्या खोट्या परीक्षा बाजूला ठेवा, घटकाभर त्याच्या जागेवर बसून पाहा, आणि ऋतू बदलला की आपल्याबरोबर त्याचीही सोय बदला. पाटलांना हे एका दुपारी कळले. पण चंद्रीसाठी ती दुपार एक वर्ष उशिरा आली, आणि आपल्या घरात तरी तसा उशीर होऊ नये!