उजव्या गुडघ्याची पट्टी

नाथाजी पैलवान परदेशातून कुस्ती खेळून आला तेव्हा शिराळ्यात हलग्या लावून त्याची मिरवणूक निघाली होती. घोड्यावरून उतरताना दोघांनी त्याला काखेत धरलं, ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. आपल्या पैलवानाचं लंगडणं गाव असंच सांभाळून घेतं.

त्याचं झालं असं, की सरावात डावा गुडघा सुजला म्हणून हा गडी पट्टी बांधून गादीवर उतरला. समोरच्या गोऱ्या दांडगोबानं ती पट्टी पाहिली आणि सगळं सोडून तोच पाय धरला. गुडघा कामातून गेला. पुढं कधी खांदा निखळला, कधी बरगडी मोडली. हाडवैद्याकडं त्याचं जाणंयेणं सोयऱ्याच्या घरासारखं झालं. देशाचा संघ निवडायची वेळ आली, की नाथाजी नेमका खाटेवर असायचा.

सदुसष्ट साली सांगलीच्या मैदानात निवडीची कुस्ती लागली. जिंकेल तो परदेशी जाणार. वय उताराला लागलेलं. ही हुकली की लंगोट खुंटीला, हे नाथाजीला कुणी सांगायला नको होतं. त्याला एकदा, फक्त एकदा, धड पायांनी देशासाठी खेळायचं होतं. जोड लागली ती म्हसवडच्या गुंडा पैलवानाशी. गुंडा नाथाजीच्याच तालमीत तयार झालेला, नाथाजी त्याचा वस्ताद.

सांगलीतच विश्रामबागेत दोघं नवराबायको पाहुण्यांकडं उतरली होती. सकाळी त्याची बायको चंद्राबाई पट्टी घेऊन बसली.

"उजव्याला बांध," नाथाजी म्हणाला.

"आवं, दुखतोय त्यो डावा."

"म्हनून तर! पट्टी दिसली की समोरचा त्योच पाय धरतोय. धरू दे चांगला. तवर मी त्याला उचलतोय."

"पाया पडते, घरला चला."

"बांध म्हंतोय न्हवं?"

तिनं उजव्याला बांधली.

गुंडानं कुस्तीच्या हौद्यात, लाल मातीत आल्यावर आधी वस्तादाचे पाय शिवले. हाताला हात भिडवून खडाखडी झाली. नाथाजी पट्टीचा पाय मुद्दाम पुढं टाकत राहिला. गुंडा त्या पायाकडं ढुंकून बघेना. नाथाजी मनातून घाबरला. तेवढ्यात गुंडा बिजलीगत खाली घुसला आणि डावा पाय धरून पट काढला. कडाड् आवाज झाला. पहिल्या रांगेतल्या लोकांनी डोळे मिटले.

गुंडानं पकड सोडली. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"वस्ताद, तुमीच शिकवलंय, दुखऱ्या अंगाला हात घालायचा न्हाई. म्हनून मी चांगला पाय धरला. त्यो कसा वो मोडला?"

नाथाजीला पायाची कळ कळेनाशी झाली. ही शिकवण खरंच त्याची होती. पोरांच्या तो कानीकपाळी ओरडायचा, आणि स्वतः मात्र विसरला होता.

निदान दुखऱ्या उजव्या गुडघ्याला तरी आवळ नको म्हणून गुंडा पट्टी हलक्या हातानं सोडू लागला.

"ऱ्हाऊ दे रं गड्या," नाथाजी कसाबसा म्हणाला.

पण पट्टी सुटली होती. आत गुडघा धडधाकट, ना सूज, ना ओरखडा. गुंडा वस्तादाकडं बघत राहिला. माणसं धावत हौद्याकडं येत होती. त्यांना दिसायच्या आत गुंडानं ती पट्टी त्याच गुडघ्याला होती तशी गुंडाळली, गाठ मारली आणि वस्तादाकडं न बघता उठला.