तातेरावाचा संगमरवर

तातेरावाला सगळं येतं. वाटूरला त्याची वीटभट्टी, म्हणून जमिनीच्या पोटातलंही आपल्यालाच कळतं असा त्याचा समज. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्याचे वडील गेले. शेतात अग्नी दिला त्या जागी वर्षश्राद्धाच्या आत ओटा व्हावा, एवढंच त्याच्या आईचं, झुंबरबाईंचं म्हणणं. पुढं पेरणी होती. नवऱ्याच्या जागेवरून औत जाईल, या धास्तीनं बाई रोज तिथं काट्या लावून यायच्या.

रायभान गवंडी काळ्या दगडाचा ओटा बांधायला तयार होता. पण काळा दगड काय, गोठ्यातही असतो. साहेबांना हवा संगमरवर, तोही घरी केलेला. उष्णता आणि दाब मिळाला की चुनखडीचा संगमरवर होतो, हे तो शाळेत शिकला होता. शिकवणारा मीच. दोनदा नापास झालेल्या या पठ्ठ्याला नेमकं तेवढंच वाक्य पाठ राहावं, हे माझं नशीब.

त्यानं ओढ्याकाठची चुनखडी भट्टीच्या तळाशी रचली, वर विटा, आणि दाब म्हणून विटांवर दोन ट्रॉल्या दगड. मी समजवायला गेलो, तर मलाच म्हणाला, "गुरुजी, तुमचं पुस्तकातलं. आमी रोज आगीत काम करून राह्यलो."

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी भट्टी उघडली. आत पांढरीशुभ्र ढेकळं. जमलेल्या पाहुण्यांना चकाकी दाखवावी म्हणून त्यानं वर बादलीभर पाणी ओतलं. ढेकळं फुसफुसली, तडकली, गरम वाफ उसळली. सगळ्यात आधी पळाला तो तातेरावच. संगमरवर कसला, भाजलेला चुना तो. खऱ्या संगमरवराला डोंगराएवढ्या ओझ्याखाली लाखो वर्षं गाडून राहावं लागतं. याला एकवीस दिवसांत पाहिजे होता.

झुंबरबाईंनी कुणाला बोल लावला नाही. रायभानाला बोलावून त्याच चुन्यात वाळू कालवायला लावली आणि दिवस मावळायच्या आत काळ्या दगडाचा ओटा उभा करून घेतला. मी गेलो तेव्हा त्या काट्या काढत होत्या.

"गुरुजी, संगमरवराला किती वरसं लागतेत, हे तुमी पोराला सांगितलं न्हाई का?" त्यांनी साधंच विचारलं.

नव्हतं सांगितलं. परीक्षेत ते विचारत नसत, म्हणून तेवढं वाक्य मी दरवर्षी गाळत आलो होतो.