दीड दम

केरबानं लेकीच्या कमरेला दोर बांधला, गाठीखाली दोन बोटं सरकतात का ते पाहिलं आणि समाधान न होऊन गाठ सोडून पुन्हा बांधली. बुद्धप्रिया खडकाच्या कडेवर पाय पाण्यात सोडून बसली होती. मांडीवर तळाशी नेणारा जड दगड, मनगटाला दुसऱ्या एका दोराचं टोक.

इस्लापूरजवळच्या या बंद पडलेल्या खदानीत सहा परस पाणी होतं. हात वर केलेली सहा माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील इतकं. खदान वसंतराव गुरुजींची. नांदेडला प्राणिशास्त्र शिकून आलेल्या बुद्धप्रियाला त्यांनी ती मोत्यांच्या शेतीसाठी दिली होती. तिनं एकेक शिंपला जरासा उघडून आत मोत्याचं बीज बसवलं होतं आणि सगळे जाळीच्या पिंजऱ्यात घालून पाण्याच्या वरच्या थरात टांगले होते. काल वादळात दोर तुटून पिंजरा तळाशी गेला. तिथं प्राणवायू नसल्यासारखाच. आज वर आला नाही तर शिंपले तोंड वासून मरतील आणि वर्षभराचं काम जाईल.

केरबानं सारी उमर विहिरींत बुड्या मारून मोटारी काढल्या होत्या, कधी माणसंही. या मुलखात आपल्याएवढा दम कुणाचा नाही, असं तो स्वतःच सांगायचा आणि कुणी नाकारत नव्हतं. छातीचं दुखणं लागल्यापासून तो वर बसून दोर धरायचा. दोर धरण्याची त्याची रीत एकच होती. बुडी मारणारा पाण्याखाली गेला की आपणही श्वास रोखायचा. आपला दम तुटला की विचार न करता ओढायचं.

ही रीत त्याच्या धाकट्या भावापासूनची. बुडीआधी आनंदराज भराभर श्वास घ्यायचा, त्यानं जास्त वेळ राहता येतं म्हणून. एकदा वर येता येता, हातभर पाणी उरलं असताना, तो नुसताच शांत झाला. वर केरबा कुणाशी तरी बोलत होता. पुढे कॉलेजात शिकल्यावर बुद्धप्रियानं बापाला समजावलं, की भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, मग हवा संपत आली तरी शरीर हवा मागत नाही. त्यानं सगळं ऐकून एवढंच विचारलं होतं.

"त्याला कळलं नसंल ना?"

"न्हाई, बा."

आताही तिनं सावकाश श्वास घेतले, शेवटचा भरून घेतला आणि दगड छातीशी धरून ती खाली गेली. केरबानं ओठ मिटले. दोर त्याच्या बोटांमधून सरसर गेला आणि थांबला. थोड्याच वेळात त्याचे खांदे हलले. त्यानं दोर ओढला.

ती वर आली ती रागातच.

"पिंजऱ्याला हात लागला व्हता, बा. दोर ओवूनच राहिले व्हते."

"दोराला हिसका बसल्यावाणी वाटला," केरबा दुसरीकडे पाहत म्हणाला.

ओढण्याच्या खुणेचा हिसका तिनं दिला नव्हता. ती त्याच्या छातीकडे पाहत राहिली. मग तिनं दुसरा दगड उचलला.

"केरबा, मोठा दमाचा माणूस तू," काठावर उभे असलेले वसंतराव म्हणाले. "हे तर कोंबडी बुडवून काढल्यासारखं झालं. आण तो दोर, मी धरतो."

त्यांनी हात पुढे केला. बुद्धप्रियानं दोर गोळा करून बापाच्याच हातात दिला. बराच वेळ ती श्वास घेत बसली. घाई केली नाही. मग गेली.

केरबानं पुन्हा ओठ मिटले. गळ्याची शीर फुगली, चेहरा काळवंडला. आणि त्याचा दम तुटला. वसंतरावांनी तो आवाज ऐकला.

"ओढ केरबा."

केरबानं ओढलं नाही. गुरुजींच्या देखत त्यानं तोंड उघडून दुसरा श्वास घेतला आणि डोळे मिटून बोटांतल्या दोराकडे लक्ष लावलं. दोर बारीक बारीक हलत होता. धडपडीसारखा नाही, सुई चालल्यासारखा. वसंतराव दोराला हात घालू लागले तसा त्यानं कोपरानं त्यांना मागं सारलं.

दोन हिसके आले, स्पष्ट. केरबा उठून उभा राहिला आणि हात बदलत ओढू लागला.

"बांधलं," वर येताच ती म्हणाली, आणि मग खोकली.

तिघांनी मिळून पिंजरा काढला. बुद्धप्रियानं जाळीतून बोट घालून एका शिंपल्याला टोचलं. तो पटकन मिटला. दुसराही. मग तिनं टोचणं थांबवलं.

दम टिकला नसताना असं कुणी थांबतं का, असं वसंतराव केरबाला रागावून म्हणाले.

"टिकला न्हाई, गुरुजी. ह्या येळी न्हाई, आन् पहिल्या येळीबी न्हाई. हिसका-बिसका काही नव्हता." केरबानं ओला दोर खांद्यावर टाकला. "माझे दीड दम व्हईस्तोवर पोरगी खाली राहिली. गावात इचारलं कुणी तर असंच सांगा."

बुद्धप्रिया त्यांच्याकडे पाठ करून केस पिळत होती. केसांतलं पाणी केव्हाच संपलं होतं.