बोलकं स्वादुपिंड

‘बोलू नका. नुसता श्वास घ्या. आत… आता सोडा.’

आमच्या डॉक्टरांचे हे शब्द माझ्या जाऊबाईंच्या कानात घर करून बसले होते. साखर फार वाढलीय, आता रोज जेवणाआधी सुई घ्यायची, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. जाऊबाई काहीतरी विचारायला तोंड उघडतात, तोच डॉक्टरांनी आपल्या कानांत नळी अडकवली, दुसरं टोक त्यांच्या पाठीला लावलं आणि त्यांना गप्प केलं. मग पुढच्या पेशंटला हाक गेली. प्रश्न तोंडातच राहिला. तो तसाच घेऊन जाऊबाई घरी आल्या, आणि काही दिवसांनी तोच प्रश्न घेऊन नळीबाबाकडे गेल्या.

नळीबाबाने अख्ख्या गावाला येड लावलं होतं. एका बंद पडलेल्या गोदामात त्याचा दरबार भरायचा, आणि उन्हातान्हात रांग थेट चक्कीच्या दारापर्यंत जायची. त्याचं म्हणणं ऐकायला गोड होतं. “डॉक्टर नळी कुणाच्या कानात घालतो? स्वतःच्या. शरीर तुमचं, गाऱ्हाणं तुमचं, आणि ऐकणार तो! मग सांगतो का तुम्हाला? नाही. मधला दलालच नको आपल्याला.” असं म्हणून तो आपल्यापुढच्या पेटीतून निघालेल्या नळीची दोन टोकं आजाऱ्याच्या कानात घालायचा, चकती पोटावर टेकवायला लावायचा, आणि पोट बोलायला लागायचं. अगदी माणसासारखं, जेवलीस का विचारून.

मग काय विचारता. नळावर, दुकानात, जिन्यात, जो तो आपल्या आतल्या मंडळींबद्दल बोलू लागला. समोरच्या शिंपीकाकांचं काळीज त्यांना म्हणालं की रक्तदाबाच्या गोळ्यांनी माझा जीव गुदमरतो; काकांनी गोळ्या सोडल्या. चक्कीवाल्याच्या पोटाने बायकोच्या स्वयंपाकाबद्दल तक्रार केली, त्या घरात कितीतरी दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. एक बाई तर माझ्याजवळ हळहळल्या, “तुमच्या जाऊबाईंचं बरंय हो. माझी प्लीहा फारच अबोल निघाली.”

आणि जाऊबाईंचं स्वादुपिंड. आपल्या आत या नावाचं कुणी राहतं हे त्यांना डॉक्टरांकडून कधी कळलंच नव्हतं. ते स्वतः येऊन सांगून गेलं. ‘बाई गं, मी दमले नाहीय, रुसलेय. सुया टोचून रुसवा जातो का कुणाचा? बाबांचं चूर्ण घे, मी येते कामावर.’ जाऊबाईंनी सुई कपाटात टाकली आणि चूर्ण सुरू केलं.

त्यानंतर त्या घटाघटा पाणी पिऊ लागल्या. तांब्या भरून ठेवावा तर रिकामा. चेहरा उतरला, जिना चढताना कठडा धरू लागल्या, एकदा नातीची वेणी घालता घालता तिच्याच खांद्यावर कलंडल्या. मी सुईचा विषय काढला की म्हणायच्या, “धाकटे, ते रुसलंय. समजूत घालावी लागते.” मला रात्रंदिवस एकच भीती, ही समजूत पटेपर्यंत आमच्या घरातलं माणूस हातचं जाईल.

मी देवाधर्माची बाई. पहाटे उठल्यापासून दुपारचा भोंगा होईपर्यंत माझं मौन असतं, लग्नाआधीपासूनचा नेम आहे. आमचे हे म्हणतात, घरातलं खरं सुख सकाळचंच. देवावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण माझ्या देवाला माझं सांगणं ऐकायला रबरी नळी कधी लागली नाही, आणि चूर्ण विकायला तो कधी बसला नाही. म्हणून जाऊबाई पुन्हा दरबारात निघाल्या तेव्हा मीही मुकाट्याने चपला घातल्या.

रांगेत एक पाणीवाल्या मावशी फिरत होत्या. हातात पेला द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या आणि विचारायच्या, काय होतंय गं, केव्हापासून, घरी कोण बघतं? आणि ऐकायच्या. घड्याळाकडे न बघता, मध्ये न तोडता ऐकायच्या. माणसं पार लहानपणापासूनचं सांगून मोकळी होत होती. त्या दिवशी मावशींना सर्दी झालेली, पदर सारखा नाकाला. माझ्यापाशी आल्या तेव्हा मी ओठांवर बोट ठेवून हात जोडले. मग त्यांनी जाऊबाईंकडे माझी चौकशी केली; पण जाऊबाईंना स्वतःचंच इतकं सांगायचं होतं की माझा नंबर लागलाच नाही. मावशी पाणी भरून आणते म्हणून आत गेल्या.

आधी मला बसवलं. नळी कानात, चकती छातीवर. कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, माझ्या अवयवांनीही नेम धरला की काय. शेवटी अगदी चाचरत, नाकातून आवाज आला, ‘बाई गं… मी तुझा गुडघा.’

चकती छातीवर आणि बोलतोय गुडघा. तोही असा, की जो तासन्‌तास मांडी घातली तरी आजवर कुरकुरलेला नाही. गुडघा पुढे म्हणाला, मी फार दुख… दुख… आणि शिंकला.

माझ्या गुडघ्याला सर्दी झाली होती.

हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, साक्षात्कार. बाबाने आशीर्वादाचा हात वर केला.

मग जाऊबाईंची पाळी. घरच्या माणसाने चकती धरायची अशी पद्धत होती, ती माझ्याकडे आली. बाबा गच्च डोळे मिटून पुटपुटत बसला. इकडे जाऊबाईही डोळे मिटून मान डोलावू लागल्या. “हो गं बाई. नाही गं घेत सुई. नको रुसू.” मी चकती पोटावरून हळूच दोन बोटं उचलली. जाऊबाई डोलतच होत्या. मी ती बाकावर ठेवली. बाकही त्यांच्याशी प्रेमाने बोलत असावा, कारण त्या म्हणाल्या, “तुलाच माझी काळजी.” तेव्हा मी जरा पुढे वाकले आणि चकती नेऊन बाबाच्या गरगरीत पोटावर टेकवली. जाऊबाईंच्या खांद्याला हात लावला.

त्यांनी डोळे उघडले. नळीवरून नजर सरकत सरकत बाबाच्या बेंबीपाशी थांबली. सगळं गोदाम ऐकेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “बाबा, माझं स्वादुपिंड तुमच्या पोटात कसं गेलं?”

मग मागून कुणीतरी फिस्कन हसलं, आणि ते हसू रांगेभर वणव्यासारखं पसरलं. बाबा चाचरत म्हणाला, सगळी पोटं एकच आहेत, माई. त्यावर चक्कीवाला म्हणाला, “बरं झालं. आजपासून तुम्ही जेवा, आमचं भरेल.”

शिंपीकाकांनी मात्र नळी हातात घेतली आणि एखादा दोरा शोधावा तशी चाचपत निघाले. कानापासून बाबापुढच्या पेटीपर्यंत. पेटीत तिला दोन फाटे. चकतीकडचा फाटा बूच मारून बंद. दुसरा बाबाच्या चौथऱ्याखालून भिंतीच्या भोकात. काकांनी एक हिसका दिला. भिंतीपलीकडे काहीतरी खणकन आपटलं आणि शिंक ऐकू आली, या वेळी नळीशिवाय. दार ढकललं तर मावशी पाटावर बसलेल्या, समोर नरसाळं, नाक लालबुंद.

एवढीच ती विद्या. नळीत आवाज पांगत नाही. दूरचं बोलणं थेट कानात उतरतं आणि वाटतं की आपल्याच आतून आलं. आणि बोलण्यातला मजकूर आपणच पाण्याच्या पेल्याबरोबर मावशींच्या हवाली केलेला असतो. मी गप्प राहिले, म्हणून माझ्या वाट्याला गुडघा आला.

तेवढ्यात भोंगा झाला. माझं पहिलं वाक्य होतं, “जाऊबाई, डॉक्टरांकडे चला.” त्या हसत हसत उठल्या आणि तोल जाऊन पुन्हा बाकावर बसल्या. मग कुणी हसलं नाही. शिंपीकाका तेवढे मान खाली घालून निघून गेले.

रिक्षात जाऊबाई हळूच म्हणाल्या, “खोटी का असेना, ती मावशी ऐकून तरी घेत होती गं.”

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला टोचून साखर पाहिली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. लगेच सुई दिली, संध्याकाळपर्यंत तिथेच थांबवून घेतलं. सगळी हकीकत ऐकताना चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग जरा नाराजीने म्हणाले, “सुई सोडण्याआधी मला का नाही विचारलंत?”

“तुमच्या कानात नळी होती,” जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, “आता नाहीय. विचारा.”

“सुई लागली म्हणजे शेवट आला, असंच ना?”

एवढाच होता तो प्रश्न. डॉक्टरांनी समजावलं की स्वादुपिंड रुसत नाही, साखर आटोक्यात ठेवणारा रस त्याच्याच्याने पुरेसा होत नाही; तो कमी पडतो तेवढा बाहेरून द्यायचा. “मी चष्मा लावतो. म्हणून माझा शेवट आला का?” जाऊबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि नाही म्हणाल्या.

मग दोघांनी एकमेकांकडून शब्द घेतला. आधी विचारायचं आणि मग कानात नळी घालायची, हा डॉक्टरांचा. विचारल्याशिवाय औषध सोडायचं नाही, हा जाऊबाईंचा; शिवाय बाबाच्या नादाने ज्यांनी औषधं सोडलीत त्यांना घेऊन यायचं, हाही.

मला विचाराल तर, ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याची चकती एकदा उचलून पाहावी. खरं असेल ते उचलून पाहिल्याने खोटं पडत नाही. देवही रागावत नाही, मी रोज त्याच्यापुढे बसते. आणि डॉक्टरांपुढे तोंड उघडायची लाज धरू नये. आपला गुडघा, आपलं काळीज, त्यांच्या वतीने बोलणारं दुसरं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मौनात बसले होते. जाऊबाईंनी सुई घेतली, दोन घास खाल्ले, तोंडावरून पदर फिरवला. शिंपीकाकांचं दुकान अजून बंदच होतं. माझ्याकडे पाहून जाऊबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, चपला सरकवल्या, आणि कठडा न धरता जिना उतरून समोर काकांच्या दाराकडे निघाल्या.