वैभवच्या स्वागताचा फ्लेक्स

"काका, ते जुनं आता उघडणारच नाही. कितीही क्लिक करा," दुकानात मदतीला असलेली डिंपल म्हणाली. "या कॉम्प्युटरवर ते चालतच नाही ना जी."

"काहून नाही चालत? काल तर चालत होतं."

"काल जुना कॉम्प्युटर होता. कंपनीनंच बंद केलं ते. आता सारे याच्यातच लिहून राहिले." तिने गजेंद्रच्या हातातून माउस अलगद काढून घेतला. "हे पाहा. काळं काळं दिसते ना, हाच नवा एडिटर."

गजेंद्रने पडद्याकडे तोंड केलं. काळं दिसलं. त्या काळ्यात काहीतरी रंगीत सांडल्यासारखं होतं, तीच अक्षरं असणार.

"चांगला हाय," तो म्हणाला.

भूपेंद्रचं फ्लेक्सचं दुकान पांढुर्ण्यात बाजाराच्या रस्त्यावर होतं. भूपेंद्रच्या वडिलांच्या वेळी तिथे छापखाना होता आणि गजेंद्र शिशाचे खिळे जुळवायचा. खिळे गेले, कॉम्प्युटर आला. पुढे लग्नपत्रिकांपेक्षा फ्लेक्स जास्त निघू लागले. वाढदिवस, निवड, स्वागत, श्रद्धांजली. डिझाइनच्या प्रोग्रामला लेखी हुकूम देता येतात, त्याला स्क्रिप्ट म्हणतात आणि ती जिथे लिहायची तो एडिटर, हे गजेंद्रने कुठेतरी ऐकलं आणि चुकत चुकत तो ते शिकला. नाव आणि फोटो दिला की त्याची स्क्रिप्ट आपोआप सगळी मांडणी करायची. सौंसरचे दुकानदार एका फ्लेक्सला बसून राहायचे तिथे गजेंद्रचा चहा गार व्हायच्या आत काम व्हायचं.

आनंदाचा फ्लेक्स आणि दुःखाचा फ्लेक्स, दोन्ही एकाच स्क्रिप्टमधून निघायचे. दुसऱ्या ओळीत एक आकडा होता. एक लिहिला की वर झेंडूचं तोरण आणि खाली शुभेच्छा. दोन लिहिला की फोटोभोवती झेंडूचा हार आणि खाली श्रद्धांजली. रंग त्याने दोन्हीकडे तेच ठेवले होते. पिवळा रंग छापून चांगला उठतो.

मग साखरेने डोळ्यांचे पडदे धरले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते येणार नाही, राहिलं ते सांभाळा. समोरचं माणूस मधोमध पुसल्यासारखं दिसायचं. कडेकडेने रंग कळायचे, हालचाल कळायची. अक्षर मात्र गेलं.

हे एकट्या त्याच्या बायकोला, जयश्रीला माहीत होतं. गजेंद्रने दुकानात कळू दिलं नव्हतं, कारण जुना एडिटर त्याच्या बोटांना पाठ होता. फाइल उघडली की कर्सरची खूण पहिल्या ओळीवर यायची. एकदा खाली, मग ओळीच्या टोकाला, जुना आकडा खोडायचा, नवा टाकायचा, चालवायचं बटण दाबायचं. डोळ्यांचं त्यात काही काम नव्हतं. गिऱ्हाइकाचं नाव तो "बोला, बोला" म्हणत ऐकून टंकायचा आणि चष्मा पुसत राहायचा.

त्या रात्री जेवताना जयश्री म्हणाली, "आता तरी सांगून टाका भूपेंद्रले."

"काय सांगू? अन् मंग काय करू? दारात बसून संत्र्याच्या गाड्या मोजू?"

"मोजाले बी दिसलं पाहिजे ना," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात भाकरीचा तुकडा ठेवून त्याचा हात तिथे नेला. दोघंही थोडं हसले. मग तो म्हणाला, "बटण तेच हाय नव्यातबी. जमून जाईन."

दोन-चार दिवस जमलं. डिंपल शेजारी असायची, बोलता बोलता पडद्यावरचं वाचून टाकायची. तिला ती सवयच होती. मुलगी स्वभावाने बडबडी, आणि गजेंद्रला त्या बडबडीचा आधार झाला होता.

त्या दिवशी सकाळी तिगावच्या शकुबाईंच्या तेरवीचा फ्लेक्स निघाला. दुपारी डिंपल जेवायला घरी गेली आणि सावरगावची पोरं आली. त्यांच्या मित्राला, वैभवला, नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती. हिवाळ्यापासून तो तिथे होता. दोनदा तर डॉक्टरांनी घरच्यांना शेवटचं भेटायला बोलावून घेतलं होतं. आता तो संध्याकाळी घरी येणार होता.

"मोठा बनवा काका," एक पोरगा म्हणाला. "घरासमोरच लावायचा हाय. गाडीतून उतरला का दिसला पाहिजे त्याले."

"लावून द्यायलेबी तुमचाच माणूस पाठवा," दुसरा म्हणाला. "आमी सारे घ्यायले चाललो. घरचे तर सकाळीच गेले."

गजेंद्रने नाव विचारलं, फोटो घेतला. स्क्रिप्ट उघडली. एकदा खाली, टोकाला, खोडलं, एक टाकला, बटण दाबलं.

नवा एडिटर फाइल पहिल्या ओळीवर उघडत नव्हता. माणूस जिथे काम सोडतो तिथेच तो खूण ठेवतो. डिंपलने सकाळी खाली कुठेतरी अक्षराचा आकार बदलला होता आणि खूण तिथेच होती. गजेंद्रने टाकलेला एक हा आकडा तिथल्या कुठल्याशा निरुपद्रवी ओळीत गेला. वर दुसऱ्या ओळीत शकुबाईंच्या श्रद्धांजलीचा दोन तसाच राहिला.

पडद्यावर चेहरा आला आणि पिवळं आलं. पिवळं तर यायलाच हवं होतं. गजेंद्रने पुढे पाठवलं.

मशीनवर छापणाऱ्याने हार पाहिला. या दुकानाची जुनी रीत होती, भूपेंद्रच्या वडिलांपासूनची. आनंदाचा फ्लेक्स टेबलावर पसरून दाखवायचा. दुःखाचा मात्र दुकानात उघडायचा नाही. चित्र आत करून गुंडाळायचा आणि पांढरी सुतळी बांधायची. त्याने तसंच केलं. बांबू लावणारे भैय्याजी अंगठाबहाद्दर. पांढरी सुतळी पाहून त्यांनी टोपी काढली, जाम नदीचा पूल ओलांडला आणि सांगितलेल्या घरासमोर फ्लेक्स नीट ताणून बांधला. घराला कुलूप होतं. सगळे मोक्षधामात गेले असतील, असं त्यांना वाटलं. ते हात जोडून तिथूनच घरी गेले.

वैभवला घेऊन गाडी सावरगावात आली तेव्हा फ्लेक्स वाचता येईल एवढा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच भूपेंद्रचा फोन वाजत होता. गजेंद्र पोचला तेव्हा भूपेंद्र डिंपलवर ओरडून दमला होता आणि हळू आवाजात बोलत होता. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"नवा एडिटर कोणी लावला? तू लावला. गजूभाऊनं इतक्या वर्षांत एक चूक नाही केली. तुझं ते काळं यंत्र आलं अन् जितं पोरगं मारून टाकलं आपण."

"भूपेंद्रभैया, मी तर जेवाले गेली होती..."

"मंग आणखी काय सांगू तुले? उद्यापासून येऊ नको."

डिंपल रडत नव्हती. ती ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती आणि सोडत होती. गजेंद्र आपल्या खुर्चीजवळ उभा राहिला. तो बोलणार होता की नव्हता, हे पुढे त्याचं त्यालाही कधी नक्की सांगता आलं नाही. कारण तेवढ्यात दारात वैभवचे वडील, यशवंतराव, आले.

भूपेंद्र घाईने उठला. "या, बसा काका. आमची फार मोठी..."

"बसाले नाही आलो." यशवंतरावांचा आवाज कोरडा होता. "पोराले काही नाही वाटलं. हसला तो. म्हणे, बाबा, फोटो तर चांगला आला. पण त्याची माय गाडीतून उतरून नाही राहिली. आमी तो काढून फाडला, तरी नाही उतरली. अंधार पडल्यावर उतरली." त्यांनी खिशात हात घातला. "तिनं मले एका कामासाठी पाठवलं. म्हणे, ज्यानं केला त्याच्या तोंडून एकदा वाचून घ्या. कोणी केला?"

डिंपलने वर पाहिलं नाही.

"मी," गजेंद्र म्हणाला.

यशवंतरावांनी खिशातून फोन काढला, फ्लेक्सचा फोटो उघडला आणि त्याच्या हातात दिला. "वाचा."

गजेंद्रने फोन डोळ्यांसमोर धरला. चष्मा वर-खाली केला. काय लिहिलं असणार ते त्याला माहीत होतं. तो मजकूर त्यानेच कधीकाळी बसवला होता. त्याने वाचायला सुरुवात केली.

"भावपूर्ण श्रद्धांजली. आमचे लाडके, मनमिळाऊ, वैभव यशवंतराव... यांना... देव त्यांच्या आत्म्याला..."

तो थांबला नाही. शेवटपर्यंत गेला. खाली 'शोकाकुल, मित्रपरिवार' असायचं, तेही त्याने म्हटलं.

फोनचा पडदा कधीच विझला होता. यशवंतरावांना दिसलं. भूपेंद्रला दिसलं. गजेंद्र तो काळा काचेचा तुकडा अजून दोन्ही हातांत पुस्तकासारखा धरून उभा होता.

यशवंतरावांनी हळूच तो काढून घेतला.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

गजेंद्रने चष्मा काढून खिशात ठेवला. मग तो भूपेंद्र जिथे असेल असं वाटलं तिकडे वळून म्हणाला, "पोरीले काही बोलू नको. तिनं बरोबर लावला एडिटर. मले दिसत नाही."

"मले काहून नाही सांगितलं, गजूभाऊ?" भूपेंद्र म्हणाला. मग तो म्हणाला, "आज घरी जा तुमी." उद्या या, असं तो म्हणाला नाही. गजेंद्रने खुर्चीच्या पाठीवरचा रुमाल चाचपून घेतला.

बाहेर यशवंतराव मोटरसायकल काढून उभे होते. "बसा मागं," ते म्हणाले. "मी सोडतो."

"नको जी. मी रोज पायीच..."

"बसा."

गजेंद्र त्यांच्या खांद्याला धरून बसला. बाजाराचा गोंगाट मागे पडला. फाटक लागलं, तिथे मालगाडी जाईपर्यंत ते थांबले. गजेंद्र सांगत होता, डावीकडे, मग सरळ, आणि यशवंतराव वळत होते. घराशी उतरल्यावर त्याने विचारलं, "पोरगं कसं हाय?"

"सकाळी जेवला. थोडासा," यशवंतराव म्हणाले. "माय चारून राहिली होती."

"मायले सांगा..." गजेंद्र म्हणाला. त्याने हात जोडले.

यशवंतरावांनी मान हलवली आणि गाडी वळवून ते निघून गेले. समोरच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर धडधडत चालला होता, त्या आवाजात ते गेल्याचं गजेंद्रला कळलं नाही. जयश्री दारात आली तेव्हा गजेंद्र शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून हात जोडून उभा होता. तिने जवळ जाऊन त्याचा खांदा धरला आणि त्याला घराच्या दिशेने वळवलं.