माझ्या घशात अडकलेली हळद

मित्रांनो, मी एक व्हीसीआर आहे. जुना हे वेगळं सांगत नाही. नवा व्हीसीआर तुमच्यापैकी कोणी पाहिलाय?

सत्त्याऐंशी साली मी ठाण्याला, नौपाड्यात, प्रभाकरच्या दुकानात आलो. लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग हा त्याचा धंदा. शूटिंगची कॅसेट माझ्यात घालायची आणि नको ते गाळून उरलेलं दुसऱ्या कॅसेटवर उतरवायचं, याला मिक्सिंग म्हणत. या कामात मी शेकडो लग्नं पाहिली आणि माणसांविषयी माझं मत कायमचं वाईट झालं. रुसलेले मामा कॅमेरा आला की हसत आणि गेला की पुन्हा रुसत. तरी मी इमानाने चाललो. लोक म्हणत, "प्रभाकरकडे चित्र काय स्वच्छ येतं!" चित्र माझं होतं. प्रभाकर फक्त बटण दाबायचा.

अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर आला. प्रभाकरने त्याला हार घातला. मला अकरा वर्षांत फडकाही लागला नव्हता. आता माझ्यातली लग्नं वायरीने कॉम्प्युटरमध्ये जाऊ लागली. प्रभाकर भाड्याने सिनेमाच्या तबकड्या आणी आणि त्यातले तुकडेही कॉम्प्युटरमध्ये ओढून लग्नाला जोडी. परदेशातलं एक तळं आणि त्यात सात हंस. सहा लग्नांत तेच तळं, तेच सात हंस. मी मोजलेत.

मग चेंदणी कोळीवाड्यातल्या मंजुळाचं लग्न आलं. तिचा बाप गोमाजी. कॅमेऱ्यापुढे मान वर न करणारा हा माणूस, हळदीला मात्र डोक्याला टॉवेल बांधून चार मिनिटं नाचला. ती कॅसेट मी कॉम्प्युटरला दाखवली आणि परत गुंडाळताना माझ्या घशात अडकली. प्रभाकरने मला दोन चापट्या मारल्या.

"गेला हा. जाऊ दे, सगळं कॉम्प्युटरमध्ये आलंय," म्हणाला, आणि मला मॉनिटरखाली पाटासारखं सरकवलं.

कॉम्प्युटरचं पोट मात्र चिमणीएवढं. तळं आत येईना, जागा नव्हती. काहीतरी पुसायला हवं होतं. प्रभाकरने गोमाजी पुसला.

शेजारच्या केबलवाल्याच्या व्हीसीआरवर उतरवलेल्या तयार कॅसेटमध्ये बदामाच्या आकारात मंजुळा आणि तिचा नवरा तळ्यावर तरंगत होते. गोमाजी बघून म्हणाला म्हणे, "बरा झाला. मना कुठं नाचता येतं?"

श्रावणात गोमाजी गेला. दिवसकार्य झाल्यावर त्याची बायको भागीरथी आणि मंजुळा दुकानात आल्या.

"बाबांचा नाच द्या," मंजुळा म्हणाली. "दुसरीकडं कुठंच ते हलताना दिसत नाहीत. फोटोत नुसते उभे."

प्रभाकरने कॉम्प्युटर चालू केला. हंस होते. सातही.

"मावशी, मूळ कॅसेट मी परत वापरतो. तिच्यावर डोंबिवलीची मुंज घेतली असणार."

मी खालून ऐकत होतो. गोमाजी माझ्या घशात होता आणि मला बोलता येत नव्हतं. या मूर्खाला आठवतही नव्हतं.

मंजुळा तोंड फिरवून उभी राहिली. भागीरथी मॉनिटरकडे सरकली. आयुष्यभर मासे विकलेली बाई. समोर बंद तोंडाचं काही दिसलं की तिचं बोट आपोआप जाई. मासळीचा कल्ला उचलावा तशी तिने माझी झडप उचलली.

"आरं बाला, याच्या घशात काय काला दिसतंय?"

"मावशी, तो बंद पडलाय."

"बंद हाय म्हंजे रिकामा हाय काय?"

प्रभाकरने वाकून पाहिलं. मग स्क्रू काढले, माझं झाकण उघडलं. कॅसेटवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मंजुळा, हळद'.

पुन्हा त्या केबलवाल्याचा व्हीसीआर आणला. पट्टी चुरगळली होती. चित्रावरून पांढरी रेघ जात होती. त्या रेघेखाली गोमाजी नाचला. चारही मिनिटं.

"गुडघा धरला व्हता रं त्याचा," भागीरथी म्हणाली. "तरी नाचला."

प्रभाकरने डोळे पुसले. त्याला वाटलं आपणही काही द्यावं. "मावशी, मागे तळं टाकून देऊ?"

"टाकून तर बग," भागीरथी म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं शेवटी सांगायचं असतं. तुम्ही घेणार नाही, मला ठाऊक आहे. मीही पुन्हा मॉनिटरखालीच आहे. निदान आमचा पाट करण्याआधी एकदा झडप उचलून बघत जा.